रोजच्या गाडीचा हिशेब : प्रस्तावना

नव्या मोटारसायकलीला हार घालून झाला, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, की जमलेल्यांपैकी एकजण विचारतोच, “ॲव्हरेज किती देते?” गाडी तोवर शोरूमपासून घरापर्यंत आलेली असते, एवढंच. तरी मालक ठासून उत्तर देतो आणि ते उत्तर बहुधा सत्तरच्या आसपास असतं. हा आकडा त्याला शोरूममधल्या मुलाने दिलेला असतो, त्या मुलाला कंपनीने. विचारणाऱ्याचाही त्यावर फारसा विश्वास नसतो. आपली गाडी पंचाहत्तर देते, हे सांगण्यासाठीच त्याने विषय काढलेला असतो.

हे पुस्तक त्या प्रश्नाच्या विरोधात नाही. पेट्रोल लिटरला शंभरीच्या पुढे गेल्यावर माणूस दुसरं काय विचारणार? माझं म्हणणं इतकंच की, तो पहिला प्रश्न नव्हे. शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांमधला ॲव्हरेजचा फरक आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच कमी पैशांचा असतो. आणि ज्या गोष्टींपायी खरोखर पैसे जातात, पाठ धरते, कधी हाडही मोडतं, त्यांबद्दल गाडी घेताना कुणी तोंड उघडत नाही.

पुस्तक कुणासाठी आहे तेही सांगून टाकतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवणाऱ्या आणि महिनाअखेरीला पंपावर शंभराचंच पेट्रोल टाकणाऱ्या माणसासाठी. चाकण किंवा वाळूजच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा ऑपरेटर, तालुक्याहून वाडीवरच्या शाळेत जाणारे गुरुजी आणि बाई, दुधाच्या किटल्या लावून डेअरी गाठणारा शेतकरी, पाठीवर चौकोनी बॅग घेऊन बिल्डिंगी शोधत फिरणारा डिलिव्हरीचा मुलगा, गोव्यात पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा पायलट, हे माझे वाचक. लडाखला जाणाऱ्यांसाठी दुसरी पुस्तकं आहेत, आणि त्यांतली छायाचित्रंही जास्त चांगली असतात.

ॲव्हरेजचा ध्यास आपल्याला उगाच लागलेला नाही. बुलेटसारखा अपवाद सोडला, तर 1985 च्या आधी आपल्याकडची दुचाकी म्हणजे टू-स्ट्रोक. आकुर्डीची बजाज स्कूटर, जिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे; राजदूत, येझदी; आणि 1972 पासून कायनेटिकची लूना. टू-स्ट्रोक इंजिन साधं, दणकट, पण खादाड. त्यात जळलेला धूर बाहेर पडत असतानाच ताजी हवा आणि पेट्रोल आत शिरतं, आणि त्या ढकलाढकलीत काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे ते वेगळंच.

ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्या आल्या. सुझुकी, यामाहा आणि कावासाकी या तिघींनी इथल्या भागीदारांबरोबर शंभर सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या काढल्या. त्यांतल्या आरएक्स 100 च्या आवाजावर आणि पिकअपवर जीव टाकणारे अजून गावोगाव सापडतात. होंडाने मात्र हिरोशी जोडी जमवून हरियाणातल्या धारुहेऱ्यात 1985 साली सीडी 100 बांधली, ती फोर-स्ट्रोक. पिकअप बेताचा, आवाज शिलाई मशीनसारखा, पण एका लिटरमध्ये बाकीच्यांच्या दीडपट ते दुप्पट अंतर कापणारी. टाकी भरा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती, आणि ते लोकांना पटलं, कारण खरोखरच तसं घडत होतं. 1994 मध्ये त्याच इंजिनावर स्प्लेंडर आली. सिलिंडर जवळजवळ आडवा ठेवलेलं, 50 मिलिमीटर बोअर आणि 49.5 मिलिमीटर स्ट्रोकचं हे 97.2 सीसीचं इंजिन होंडाच्या कब घराण्यातलं. 2010 च्या डिसेंबरात हिरो आणि होंडा यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. इंजिनाचं माप मात्र आजही तेच आहे. आपल्याकडे सरकारं बदलली, नोटा बदलल्या, शहरांची नावं बदलली, पण 97.2 चा आकडा कुणी हलवलेला नाही.

पुण्याची बजाज या खेळात जरा उशिरा उतरली, पण बॉक्सर, सीटी 100 आणि 2006 ची प्लॅटिना यांनी खेड्यापाड्यांत घट्ट पाय रोवले. त्याआधी दूधवाल्यांची गाडी म्हणजे बजाजचीच एम-80. तिच्या दोन्ही बाजूंना किटल्या लावल्या की मागून फक्त एक टोपी आणि दोन किटल्या दिसत.

हा इतिहास सांगायचं कारण असं. टू-स्ट्रोकवरून फोर-स्ट्रोकवर येताना आपल्या बापजाद्यांनी ‘किती देते’ हा प्रश्न विचारला, तेव्हा उत्तरात घरखर्च बदलण्याची ताकद होती. चाळीसची सत्तर झाली, म्हणजे पेट्रोलचा खर्च जवळपास निम्मा झाला. आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या सगळ्याच गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, 2020 च्या बीएस-6 नियमांपासून जवळपास सगळ्यांत फ्युएल इंजेक्शन आहे, आणि शंभर सीसीची कुठलीही गाडी नीट चालवली तर साठीच्या पुढे जाते. प्रश्न तोच राहिला, उत्तरातली ताकद गेली.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा तुमची गाडी महिन्याला 1,000 किलोमीटर चालते, आणि सोयीसाठी पेट्रोल 100 रुपये लिटर धरलं. 40 ॲव्हरेजच्या गाडीला 25 लिटर लागतात, 50 च्या गाडीला 20. वाचले 5 लिटर, म्हणजे 500 रुपये. आता 60 आणि 70 घ्या. साठला 16.7 लिटर, सत्तरला 14.3. वाचले 2.4 लिटर, 240 रुपये. ॲव्हरेज दोन्हीकडे दहानेच वाढलं, बचत निम्म्यावर आली. सत्तरची ऐंशी झाली तर आणखी 180 रुपये, बस्स. आपण किलोमीटर मोजतो आणि पैसे लिटरचे देतो, म्हणून ही गफलत होते. युरोपात 100 किलोमीटरला किती लिटर, असा आकडा छापतात. तसा आपल्याकडे छापला असता तर 65 देणाऱ्या आणि 70 देणाऱ्या गाडीपुढे 1.54 आणि 1.43 असे आकडे दिसले असते, आणि निम्म्या जाहिरातींना विषयच उरला नसता.

याच हिशेबाचा पुढचा भाग जास्त बोचरा आहे. घरात 45 देणारी जुनी स्कूटर चांगली चालते आहे. ती देऊन, वर 60 हजार भरून, 65 देणारी मोटारसायकल घ्यावी का? महिन्याला 1,000 किलोमीटरवर साधारण 6.8 लिटर वाचतील, 680 रुपये. 60 हजार वसूल व्हायला 88 महिने, सात वर्षांहून जास्त. तोवर ती नवी गाडीही जुनी झालेली असेल. निव्वळ ॲव्हरेजसाठी चालती गाडी मोडणं हा बहुतेक वेळा तोट्याचा व्यवहार आहे. गाडी थकली, वारंवार बंद पडायला लागली, अंतर वाढलं, घरात दुसऱ्या माणसाला गाडी लागली, तर जरूर बदला. पण मग कारण ते सांगा, पेट्रोलचं नाव पुढे करू नका.

आणि शोरूमच्या त्याच टेबलावर, जिथे आपण पाच किलोमीटरच्या फरकासाठी तासभर वाद घालतो, तिथेच कर्जाच्या कागदावर न वाचता सही करतो. दुचाकीचं कर्ज पुष्कळदा ‘फ्लॅट’ दराने सांगितलं जातं. 10 टक्के फ्लॅट म्हणजे तीन वर्षांच्या कर्जावर, घटत्या शिलकीच्या हिशेबाने, 18 टक्क्यांच्या आसपास व्याज. 80 हजारांच्या कर्जावर दहाऐवजी आठ टक्के फ्लॅट दर मिळवलात तर तीन वर्षांत 4,800 रुपये सुटतात, महिन्याला 130 च्या वर. 65 ऐवजी 70 देणारी गाडी शोधून सुटतात 110. पहिल्या कामाला दोन फोन लागतात. पतसंस्थेचा आणि आपल्या बँकेचा.

कंपनीचा आकडा खोटा असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. तो वेगळ्या जागी खरा असतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था 1966 पासून आहे; सकाळी फिरायला जाणारे पुणेकर टेकडीलाच एआरएआयची टेकडी म्हणतात. अशा चाचणीत गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर चालवतात, ठरलेल्या क्षणी ठरलेला वेग पकडतात आणि धुरातल्या वायूंवरून किती पेट्रोल जळलं ते काढतात. अनेक वर्षं वापरात असलेल्या भारतीय चाचणी-चक्रात 108 सेकंदांचा एक फेरा सहा वेळा करत आणि वेग ताशी 42 किलोमीटरच्या वर जात नसे. आता चक्र बदललं आहे, पण प्रयोगशाळा ती प्रयोगशाळाच. तिथे खड्डे नाहीत, गतिरोधक नाहीत, समोरून येणारा वारा नाही आणि मागे बसलेला मेहुणा नाही. सगळ्या गाड्यांना सारखीच परीक्षा असल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. आपल्या खिशाचा अंदाज घ्यायचा, तर त्यातून दहा-पंधरा टक्के वजा करून चाला.

स्वतःच्या गाडीचं ॲव्हरेज काढायची पद्धत एकच: टाकी फुल करा, पंपाचा नोझल आपोआप बंद झाला की थांबा, किलोमीटर लिहून ठेवा, टाकी बरीचशी संपेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा, त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल करा आणि भागाकार करा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या. रिझर्व्ह लागल्यापासून पुन्हा रिझर्व्ह लागेपर्यंत मोजायची आपली जुनी पद्धत इंजेक्शनच्या गाड्यांत संपली, कारण तो कॉकच उरला नाही. जाता जाता सांगतो, या गाड्या पार कोरड्या होईपर्यंत चालवायची सवयही सोडा. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

लहान इंजिन कमी पेट्रोल का पितं, हे समजून घेतलं की पुढच्या पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. सपाट रस्त्यावर ताशी 45 ने चालताना गाडीला फार थोडी शक्ती लागते. 350 सीसीच्या इंजिनाला ती द्यायची तर थ्रॉटल जेमतेम उघडावा लागतो, आणि त्या अरुंद फटीतून हवा आत ओढण्यातच इंजिनाची बरीच मेहनत वाया जाते. शंभर सीसीचं इंजिन तेच काम जास्त उघड्या थ्रॉटलने करतं, म्हणून कमी इंधनात भागवतं. त्यात आतले घासणारे भाग लहान, वजन कमी. स्प्लेंडर सुमारे 112 किलोची, होंडाची 2023 मध्ये आलेली शाइन 100 तर शंभराच्याही आत.

पण हाच तर्क उलटाही चालतो. वेग 50 वरून 70 वर नेला की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. आठ अश्वशक्तीच्या इंजिनाकडे त्यासाठी राखून ठेवलेलं असं काही नसतं. ते पिळलं जातं, तापतं, आणि ॲव्हरेज पंचावन्नच्या खाली घसरतं. म्हणजे हायवेवर रोज सत्तरने पळवायची असेल तर शंभरी घेऊन काही फायदा नाही. सव्वाशेची गाडी, साधारण अकरा अश्वशक्तीची, तेच अंतर निवांत काटते आणि पेट्रोलही फारसं जास्त पीत नाही. शिवाय मागून कंटेनर येतो तेव्हा बाजूला व्हायला थोडा जोर हाताशी असलेला बरा. ॲव्हरेजच्या नादाने हायवेवर शंभरी घेऊन कडेच्या मातीतून चालणारे लोक मी रोज पाहतो, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

म्हणून गाडी निवडायची ती आधी रस्ता पाहून. सोलापूर, लातूर, परभणीकडे मैलोन् मैल सपाट रस्ता, उन्हाचा तडाखा, गाड्यांची गर्दी बेताची. तिथे शंभर सीसीसारखी दुसरी गाडी नाही. कोकणात मात्र घरापासून बाजारापर्यंतच दोन चढ आणि एक ओढा. चिपळूण, सावंतवाडी, संगमेश्वरकडे मागे माणूस आणि मांडीवर तांदळाची पिशवी घेऊन शंभरी चढाला लागली की दुसऱ्या गिअरवर येते आणि तशीच कुथत राहते. दुसऱ्या गिअरमध्ये कुठल्याच गाडीचं ॲव्हरेज चांगलं नसतं. कात्रज, खंबाटकी, दिवे घाट ज्यांच्या रोजच्या वाटेत आहे, त्यांनीही सव्वाशेचाच विचार करावा. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये वेगळाच मामला आहे. तिथे इंजिनापेक्षा क्लच आणि डावं मनगट जास्त झिजतं. हलका क्लच, खालच्या वेगातही न अडखळणारं इंजिन आणि सिग्नलवर आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणारी सोय असेल, तर तिथे तीच खरी बचत. गिअरचा कंटाळा असलेल्यांनी सरळ स्कूटर घ्यावी. पाच-दहा ॲव्हरेज कमी मिळेल, त्याची किंमत वर काढून दाखवलीच आहे.

रस्त्यानंतर शरीर. याबद्दल लिहिताना मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही, म्हणून त्यावर पूर्ण प्रकरण केलं आहे. सीटची उंची 785 मिलिमीटर की 825, हा फरक माहितीपत्रकात एका ओळीचा असतो. पाच फूट दोन इंचाच्या माणसाला तो सिग्नलवर, चिखलात, मागे मूल बसलेलं असताना पायाच्या चवड्यांवर कळतो. वजन फक्त गाडीचं पाहू नका, पार्किंगमधून ती मागे ओढून पाहा. घरातली दुसरी व्यक्ती गाडी चालवणार असेल तर तिला शोरूममध्ये बरोबर न्या आणि तिच्या हातात हँडल द्या. आपल्याकडे नवऱ्याच्या उंचीची गाडी घेतात आणि मग बायको चालवत नाही म्हणून तक्रार करतात.

मागे बसणाऱ्याचा विचार तर होतच नाही. लांब आणि सपाट सीट, धरायला मजबूत कडी, पाय ठेवायला नीट फूटरेस्ट, आणि साडी गार्ड. साडी गार्ड ही शोरूमवाल्याने मेहेरबानी म्हणून द्यायची वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियमच सांगतो की, मागच्या माणसासाठी धरायची सोय, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण गाडीला असलं पाहिजे. साडीचा पदर, ओढणी चाकात अडकून होणारे अपघात दर उन्हाळ्यात लग्नसराईत घडतात. दिसायला बरं वाटत नाही म्हणून ते गार्ड काढून टाकणाऱ्या पोरांना काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात. 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान सीबीएस सक्तीचं आहे. म्हणजे पायातला मागचा ब्रेक दाबला तरी पुढच्या चाकालाही थोडा ब्रेक लागतो. नवशिक्याला त्याचा खरोखर उपयोग आहे. गावात आणि शहरात ड्रम ब्रेकने भागतं. हायवे, घाट किंवा कोकणातला पाऊस यांपैकी काहीही रोजचं असेल, तर पुढचा डिस्क घ्या, पाच-सहा हजार जास्त गेले तरी. शंभरीचे टायर अरुंद असतात. त्यामुळे घर्षण कमी होऊन ॲव्हरेज वाढतं आणि ओल्या लाल मातीवर पकडही कमी होते. एकाच गोष्टीचे दोन परिणाम आहेत, त्यांतला एकच जाहिरातीत येतो.

आता इथेनॉल, कारण त्यावर चर्चा कमी आणि भांडणं जास्त झाली आहेत. आज पंपावर मिळणारं पेट्रोल बहुतेक ठिकाणी ई-20 आहे, म्हणजे त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. गणित केलं तर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. 65 देणारी गाडी 61 च्या आसपास येऊ शकते. ई-20 साठीच जुळवलेल्या इंजिनात ही घट काही प्रमाणात भरून निघते. तेव्हा “गाडी पहिल्यासारखी देत नाही” म्हणून मेकॅनिकशी वाद घालण्याआधी हे लक्षात घ्या. एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी भाग, नळ्या वगैरे ई-20 सोसतील असेच असतात. त्याआधीच्या, विशेषतः कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत नळ्या आणि वॉशर कडक झाले का, गळती आहे का, हे दर सर्व्हिसिंगला पाहून घ्या. इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळे अशी गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर पडवीत उभी करून ठेवू नका. कोल्हापूर-सांगली-अहिल्यानगरच्या ऊसवाल्याचं यात मोठं विचित्र होतं: कारखान्याला इथेनॉलमुळे चार पैसे जास्त मिळावेत, असं तो सभेत म्हणतो, आणि पंपावर येऊन ॲव्हरेज पडलं म्हणून कुरकुरतो. दोन्ही बाबतीत त्याचं बरोबरच आहे.

गाडीचा खरा खर्च पेट्रोलनंतर गॅरेजमध्ये होतो, आणि इथे मी ब्रँडबद्दल पक्षपात करतो, पण तो गावागणिक वेगळा. ज्या गाडीचा क्लच वायर, ब्रेक शू आणि चेन-स्प्रॉकेट तुमच्या आठवडी बाजाराच्या गावात मिळतो, ती गाडी चांगली. स्प्लेंडर इतकी वर्षं खपते याचं निम्मं कारण इंजिनात आहे आणि निम्मं कारण प्रत्येक तालुक्यात झाडाखाली बसलेल्या मेकॅनिकच्या हातात. कार्ब्युरेटर होता तेव्हा तो खोलून, जेट फुंकर मारून साफ केला की काम भागे. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आहेत, कंट्रोल युनिट आहे, दोष वाचायला स्कॅनर लागतो. गावाकडच्या पुष्कळ मेकॅनिकांनी हे शिकून घेतलं आहे, सगळ्यांनी नाही. म्हणून गाडी ठरवण्याआधी आपल्या मेकॅनिकला विचारा, “ही तू खोलतोस का?” त्याने मान हलवली नाही तर दुसरं मॉडेल पाहा. आणखी एक: बॅटरी पार उतरली की इंजेक्शनची गाडी किकनेही सुरू होईलच असं नाही, कारण पेट्रोल ढकलणारा पंपच विजेवर चालतो. बॅटरीची हेळसांड पूर्वी खपून जायची, आता नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक वेगळं प्रकरण आहे. शंभरी जुनी घेणं हा माझ्या मते अजूनही सगळ्यात शहाणपणाचा व्यवहार आहे, कारण पहिल्या तीन वर्षांत किंमत सर्वात जास्त पडते आणि इंजिन तोवर जेमतेम मोकळं झालेलं असतं. मात्र कागद आधी, गाडी नंतर. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा उतरलेला आहे का, विमा चालू आहे का, फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या झाल्या आहेत का. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतं आहे, सरळ निघून या. 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे पाच वर्षं उलटलेली गाडी घेताना तो संपलेला असण्याची शक्यता धरूनच भाव करा.

विजेच्या गाड्या या पुस्तकात का नाहीत, हे विचारलं जाईलच. शहरात राहत असाल, घरच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवर चार्जिंग करता येत असेल आणि रोजचं अंतर तीस-चाळीस किलोमीटर असेल, तर विजेची स्कूटर घ्या आणि हे पुस्तक दुसऱ्याला देऊन टाका; चालवण्याच्या खर्चात तिला पेट्रोलची कुठलीच गाडी गाठू शकत नाही. चाळीतल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या, भाड्याच्या खोलीतल्या, किंवा वीज कधी येईल ते ठरलेलं नसलेल्या गावातल्या माणसाला अजून पेट्रोलचाच आधार आहे, आणि हे पुस्तक त्याच्यासाठी आहे. सीएनजीवर चालणारी बजाजची फ्रीडम 125 जुलै 2024 मध्ये आली. कल्पना झकास आहे: दोन किलो गॅस, दोन लिटर पेट्रोल, आणि गॅसवर खर्च खरोखर कमी. पण सीट उंच, गाडी जड, आणि सीएनजीच्या पंपावर रिक्षांच्या रांगेत उभं राहायला लागणारा वेळ कुठल्याही हिशेबात धरलेला नसतो. पंप वाटेवर असेल आणि उंची असेल, तर जरूर चालवून पाहा. फेरीवाले आणि मालवाहू कामासाठी टीव्हीएसची एक्सएल 100 ही मोपेड आजही माझ्या मते फार शहाणी गाडी आहे. तिची चेष्टा करणाऱ्यांनी एकदा भाजीच्या दोन गोणी स्प्लेंडरवर बांधून दाखवाव्यात.

सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि शोरूमबाहेर पुन्हा गर्दी दिसू लागली. किमती उतरल्या की घाईघाईने वरचं मॉडेल घ्यायचा मोह होतो: डिजिटल मीटर, ब्लूटूथ, रंगीत पट्टे. ब्लूटूथने गाडी जास्त देत नाही. वाचलेल्या पैशांतून आधी दोन चांगली, आयएसआय शिक्क्याची हेल्मेट घ्या, एक मागच्यासाठी. ते पैसे खर्च म्हणून कुठल्याच प्रकरणात मी धरलेले नाहीत, गाडीच्या किमतीतच धरले आहेत.

पहिल्या प्रकरणाआधी एक कोरं पान मुद्दाम सोडलं आहे. रोज किती किलोमीटर, त्यातले हायवेचे किती आणि चढाचे किती, मागे कोण बसतं, सामान काय असतं, गाडी रात्री कुठे उभी राहते, मेकॅनिक किती लांब आहे आणि हप्ता किती झेपेल, एवढं त्यावर लिहा. पेन्सिलीने लिहा, कारण चौथ्या प्रकरणानंतर काही खोडावं लागेल. आणि ते पान भरल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका.